ओलं गोणपाट

आई, तुला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि तुला वाचताही येत नव्हतं, तरी लिहायला बसलेय. वाचता येत नव्हतं म्हणूनच कदाचित धीर झालाय. परवा नातवाला घेऊन सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. आठ वर्षांचा आहे, अजून झोपेत अंथरूण ओलं करतो. तेव्हापासून आपली ती एका खणाची खोली आणि भिंतीशी ठेवलेलं ओलं गोणपाट डोळ्यांपुढून हलत नाही.

दुष्काळात बार्शीकडचं गाव सोडून आपण सोलापुरात आलो. आप्पा गिरणीत बदलीवर लागले आणि तू शेजारणींचं बघून बघून विड्या वळायला शिकलीस. दिवसभर तंबाखूचं सूप तुझ्या मांडीवर. संध्याकाळी तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, म्हणजे सकाळपर्यंत मऊ होऊन कात्रीला नीट लागतात. तंबाखूच्या वासाने तुझं नाक केव्हाच मेलं होतं. त्याचा फायदा मी घेतला.

मी आणि धाकटी एका वाकळेवर झोपायचो. मी नऊ वर्षांची, ती चार. अंथरूण ओलं करायची ती मी, आई. धाकटी नव्हे. पहाटे जाग आली की मी परकर बदलायचे, ओला परकर मोरीत पिळून टाकायचे आणि झोपलेल्या धाकटीला उचलून माझ्या ओल्या जागेवर सरकवायचे. ती हूं की चूं करायची नाही. तू उठलीस की धपाटा तिच्या पाठीत बसायचा आणि मी शहाण्या मुलीसारखी चुलीपुढे बसलेली असायचे. ‘थोरलीचं बघ, जरा शिक,’ असं तू तिला म्हणायचीस.

तू तिच्यावर एकेक उपाय करून पाहिलेस. तीळ-गूळ चारलास, गळ्यात ताईत बांधलास. मग दुपार कलली की तिचं पाणी बंद केलंस. सोलापूरचा उन्हाळा तो. पोर पाण्यासाठी रडून रडून थकायचं आणि कोपऱ्यात जाऊन त्या गोणपाटाचं ओलं टोक चोखत बसायचं. मी ते पाहत होते. चोरून घोटभर पाणी द्यायला काय झालं होतं? पण दिलं आणि तू पाहिलंस, तर उद्याच्या ओल्या वाकळेचा दोष माझ्यावर येईल, इतका हिशेब मला त्या वयात पक्का करता येत होता.

शेवटी गल्लीच्या टोकाची म्हातारी आली. बिब्ब्याचा चटका दिल्याशिवाय हे थांबायचं नाही, असं तिने सांगितलं. तू धाकटीचे हात धरलेस आणि पाय धरायला मला सांगितलंस. मी धरले. नुसते धरले नाहीत, घट्ट धरले. तिची किंकाळी ऐकून शेजारच्या बायका दारात आल्या. तूही रडत होतीस आणि तिला सांगत होतीस, “तुज्याच भल्यासाठी हाय की गं बाई.” त्या क्षणी माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडला असता तर बिब्बा माझ्या कमरेला लागला असता. मला स्वतःची भयंकर किळस येते, आई.

त्याच दिवशी मी तुला म्हणाले, वाकळेवर धाकटीला एकटीला निजू दे, मी पानांपाशी पडते. तिथली जमीन रोजच ओली असायची. आणखी थोडी ओल आली तर कोण बघतंय? परकर का भिजला, तर पानांचं पाणी लागलं. तू एकदाही शंका घेतली नाहीस. त्या विड्या कुणी कुणी ओढल्या, देव जाणे.

धाकटीची वाकळ कोरडी राहिली. चटका लागू पडला म्हणून तू गल्लीभर सांगत सुटलीस. मग म्हातारीला इतर घरांतून बोलावणी आली. आणखी तीन पोरांना डागलं. त्यांचं थांबलं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. माझं अकराव्या वर्षी आपोआप थांबलं.

पाच-सहा वर्षांत खोकल्याने तू अंथरुणाला खिळलीस. शेवटी शेवटी तुझ्याही अंगाखालचं ओलं व्हायला लागलं. मी तुझं लुगडं बदलत होते, धाकटी उशाशी बसली होती. तू तिला जवळ ओढलंस, कमरेवरून हात फिरवलास. “तुला डागलं, त्येचंच फेडतीया बग मी. लेकराच्या हातात काय असतंय गं.”

“तसं नगं म्हणू,” धाकटी म्हणाली. “त्यानंच तर थांबलं की माजं.”

मी ओलं लुगडं घेऊन मोरीत गेले आणि बराच वेळ धूत बसले. आठ दिवसांनी तू गेलीस.

परवा धाकटीही आमच्याबरोबर आली होती. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, यात पोराचा काही दोष नाही. झोप गाढ असते, लघवीची पिशवी भरल्याचा निरोप मेंदूला पोचत नाही. कधी बद्धकोष्ठ असतं, आणि पुष्कळदा हे घराण्यातच असतं. दिवसा पाणी तोडू नका, झोपण्याआधी लघवीला पाठवा, रागावू तर मुळीच नका. एवढ्याने थांबलं नाही तर घंटा वाजवणारं यंत्र आहे, गोळ्या आहेत. मग त्यांनी विचारलं, “घरात लहानपणी कुणाला होतं का?”

धाकटी हसून म्हणाली, “मला. मावशीआजीवर गेलंय पोरगं.” तिने बिब्ब्याचंही सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि आजी, तुम्हाला?”

मी “नाही” म्हणाले.

हे धाकटीच्या हातात द्यायचं असं ठरवून लिहायला घेतलं होतं. ती आत नातवाला दूध देतेय. आत्ताच तिने विचारलं, एवढं काय लिहिते आहेस? किराण्याची यादी, असं मी सांगितलं.