ज्वालामुखी कसा पडला

लायडस्खेनडाम,
३ मे २०२०

ती. बबनदादास,
सविनय जय भीम.

तुझ्या रविराजनं पत्राचा फोटो पाठवला, मिळाला. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून ही कागदाची उलाढाल. पण खरं सांगू, मला हेच बरं वाटतं. फोनवर तू नुसता हॅलो हॅलो ओरडतोस आणि मग रागावून ठेवून देतोस.

माझी धम्मदीपा बरी आहे. तिची लेक दोन महिन्यांची झाली, नाक थेट आपल्या आईचं. बाळंतपण उरकून एप्रिलमध्ये परतायचं होतं, पण विमानंच बंद पडली. तेव्हा मी इथेच, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून रिकाम्या ट्रामी बघत बसलेली असते.

आता खरी बातमी. खालच्या मजल्यावर ताविता नावाचा एक म्हातारा एकटा राहतो. दाराएवढा रुंद, चालताना एक पाय जरा ओढतो. मूळचा सामोआ बेटांवरचा. आम्ही अंगणात बाकाच्या दोन टोकांना बसतो, मध्ये सरकारी दीड मीटर. कुठली म्हणून विचारलं, तर मी उगाच सांगली म्हटलं. त्यानं कप खाली ठेवला आणि नदीवरचा तो लांब पूल अजून आहे का, असं विचारलं!

दादा, फ्री-स्टाइल दंगलीच्या जाहिरातीसाठी जीपवर पिंजरा बांधून एका पहिलवानाला गावभर फिरवला होता, आठवतं? वर पाटी, ‘सामोआचा नरभक्षक ज्वालामुखी’. मी तेव्हा कॉलेजात होते, मारुती चौकात उभी राहून पाहिला होता. पोरं त्याला शेंगा मारत होती. तो म्हणतो की त्या शेंगा त्यानं वेचून खाल्ल्या, कारण दंगलीच्या ठेकेदारानं सकाळपासून काही दिलं नव्हतं. तू एकोणऐंशी साली पाडलास तो हाच. मी कुणाची बहीण, हे अजून त्याला सांगितलेलं नाही. सांगू का?

वहिनीला जय भीम. माया आहे तशी राहू दे.
तुझी धाकटी,
प्रमिला

सांगली,
१० मे २०२०

चि. प्रमिलास,
अ. उ. आ.

तू शाळेत पस्तीस वर्षं पोरांना शहाणं केलंस आणि स्वतः मात्र कोणाही सोम्यागोम्यावर विश्वास ठेवतेस. पूल काय, इंटरनेटवर कोणालाही दिसतो. धम्मदीपाला विचार, तिनं कधी इमारतीतल्या कोणाला मामाची फुशारकी सांगितली होती का. हल्ली फसवणारे आधी घरची माहिती काढतात, मग बाकावर येऊन बसतात.

त्या ज्वालामुखीच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. तो अनवाणी लढायचा, म्हणून मी पाहिली. हे कोणत्याही पेपरात आलेलं नाही. त्याला चप्पल काढायला सांग आणि काय दिसतं ते कळव. तोवर त्याच्या हातचं काही खाऊ नकोस.

आणि मी कोण हे सांगायची काही गरज नाही. त्या कुस्तीचं कौतुक तुम्हां लोकांना, मला नाही. गेल्या वर्षीच्या महापुरात घरातलं सगळं वाहून गेलं, ते मेलं पेपरचं कात्रण तेवढं उरलं. रविराजनं ते पुन्हा फ्रेम केलंय. मी त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

तब्येत सांभाळ. विमान सुरू झालं की पहिलं पकड.
तुझा,
बबनदादा

लायडस्खेनडाम,
२१ जून २०२०

ती. बबनदादास,
सविनय जय भीम.

करंगळी नाही! साठीच्या बाईनं परक्या पुरुषाला चप्पल काढायला सांगायची म्हणजे किती लाज वाटली असेल मला. म्हणाला की ऑकलंडला मटणाच्या कारखान्यात कामाला होता, तिथे गेली. तिथूनच त्याला कोणीतरी आखाड्यात नेला, अंगापिंडाकडे बघून.

त्याची सगळी हकीकत ऐकली. न्यूझीलंड, जपान, मग जर्मनीत हिवाळाभर रोज रात्री एक कुस्ती. घरी तो चर्चमध्ये गाणारा माणूस, पण रिंगणात त्याला बोलायला बंदी. रानटी माणूस म्हणून उभा करायचे, तर रानटी माणसाला इंग्रजी कसं येईल? वीस वर्षं नुसता गुरगुरला. इथे एका डच बाईशी लग्न झालं तेव्हा कुठे सुटला. ती वारली, तेव्हापासून एकटा आहे.

आणि हो, त्यानं आपणहून सांगितलं की त्याच्या धंद्यात सगळं आधी ठरलेलं असायचं. आज कोण पडणार, कोणत्या कुशीवर पडणार, सगळं. पडणं हीच कला, असं म्हणतो. समोरच्याला लागू न देता पडायचं.

मग मला राहवलं नाही. सांगितलं की सांगलीत तुला ज्यानं पाडलं त्याची मी बहीण. दादा, तो एकदम गप्प झाला. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काही चोरलंय. उठून गेला, आणि आठवडा झाला, बाकावर आलेला नाही. दार वाजवलं तर आतून बरं नाही म्हणतो. माझं काय चुकलं?

तू जिंकलास, त्यानंतर पुन्हा कधीच लंगोट का बांधला नाहीस, हे आम्ही विचारलं की तूही असाच गप्प व्हायचास.

उत्तराची वाट बघते.
तुझी,
प्रमिला

सांगली,
५ जुलै २०२०

चि. प्रमिलास,
अ. उ. आ.

तुझं काही चुकलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणून तो गप्प झाला. मला जे वाटत होतं तेच निघालं.

आता लिहूनच टाकतो. रविराज फोटो काढताना वाचणारच, वाचू दे. ती कुस्ती नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेली, होती, असा मला त्याच दिवसापासून संशय आहे. मी पाडलं नाही, तो पडला. गावचा पोरगा जिंकला की दुसऱ्या दिवशी तंबू दुप्पट भरतो, हे ठेकेदाराला कळत होतं. पण ठेकेदाराला माझ्या वस्तादांना विचारल्याशिवाय काही करणं शक्य नव्हतं. म्हणजे वस्तादांना माहीत होतं. आपल्या वस्तीतल्या पोराला त्या काळी तालमीत घेणारा सांगलीत तो एकच माणूस, आणि त्यानंच मला खेळण्यासारखं नाचवलं. दोरीखालून आत शिरताना माझा कान धरून म्हणाले होते की आत कुणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. मी काय ऐकणार होतो? सगळं त्यांचं आधीच ठरलेलं. पुन्हा त्यांच्या दारात गेलो नाही. ते वारले तेव्हा एसटीच्या डेपोत मुद्दाम ड्युटी मागून घेतली.

मला संशय येण्याचं कारण आहे. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाही. ते मला आणि त्या माणसाला, दोघांनाच ठाऊक. त्याला एकच विचार, पडण्याच्या आधी त्यानं काय केलं? आपलं काही पदरचं घालू नकोस. तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिही.

मी पासष्टीला आलो. खोटं निघालं तरी चालेल, पण मला कळू दे.
बबनदादा

लायडस्खेनडाम,
१८ ऑक्टोबर २०२०

ती. बबनदादास,
सविनय जय भीम.

उशीर झाला, रागावू नकोस. त्याला बोलतं करायला इतके महिने लागले. काल विचारलं. तो म्हणाला की ती कुस्ती शंभर टक्के खरी होती. तू ढाक मारलीस, डाव असा बसला की त्याला काही सुचलंच नाही. असा पहिलवान पुन्हा पाहिला नाही म्हणाला. संशय काढून टाक आता, आणि कात्रणाकडे तोंड करून जेव.

बाळ बसायला लागलंय. धम्मदीपा उद्यापासून पुन्हा लॅपटॉपला जुंपणार.

लोभ वाढत राहो.
तुझी,
प्रमिला

सांगली,
२५ ऑक्टोबर २०२०

प्रमिला,

ढाक त्या कात्रणात पेपरवाल्यानं छापली होती. तो वार्ताहर तंबूच्या बाहेर चहा पीत होता. मी ढाक मारलीच नव्हती.

तू त्याला विचारलेलंच नाहीस. एकाच बाबतीत मला दोघांनी फसवलं असं वाटत होतं, आता तू तिसरी.

बबन

लायडस्खेनडाम,
७ फेब्रुवारी २०२१

ती. बबनदादास,
सविनय जय भीम.

तीन महिने तू एक ओळ लिहिली नाहीस, आणि मलाही हात उचलवेना. आज बाहेर गुडघाभर बर्फ आहे, ट्रामी बंद आहेत. आज लिहिते.

हो, मी खोटं लिहिलं. सप्टेंबरमध्ये ताविता पुन्हा बाकावर येऊ लागला होता, पण तुझा विषय काढला की उठायचा. ऑक्टोबरात त्याला ताप भरला. इथल्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे घरच्या डॉक्टरनं, फोनवरून गोळी सांगितली. चौथ्या दिवशी अँब्युलन्स आली. अंतराळवीरासारखे कपडे घातलेल्या माणसांनी त्याला त्या अरुंद दारातून तिरका करून काढला. दवाखान्यात त्याला बेशुद्ध करून यंत्रावर ठेवल्याचं कळलं, आणि मला वाटलं, झालं, दादाचं उत्तर याच्याबरोबर चाललं. मग मीच उत्तर लिहिलं. तुला एकदा तरी सुखानं जेवताना बघावं, एवढंच मनात होतं.

पण तो वाचला. डिसेंबरात घरी आला, निम्मा होऊन. आता घरात दिवसाला एकच पाहुणा चालतो, ती मी. मास्क लावून पेज घेऊन जाते. परवा त्यानं आपणहून विषय काढला. दादा, तो माझ्यावर का रुसला होता ठाऊक आहे? तुझ्यावर त्याचा संशय होता! तू शब्द मोडलास असं तो इतकी वर्षं धरून बसला होता.

आता लिहिते ते जसंच्या तसं. पदरचं काही नाही. ठरलं होतं ते असं, की त्या दिवशी तू पडायचं. ठेकेदारानं त्याला सांगितलं की पोराच्या वस्तादाशी बोलणं झालंय, वस्ताद हो म्हणालाय, पोराला सांगून ठेवलंय. त्यांच्या धंद्यात वेळ आली की समोरच्याचं मनगट दाबतात. दोनदा दाबलं की अर्थ असा, आता तू पड. त्यानं तुझं मनगट दोनदा दाबलं. तू पडणार म्हणून तो अंगाचा सगळा भार तुझ्यावर सोडून वाट बघत होता. तू पडला नाहीस. त्याच्या भाराखाली शिरलास, आणि त्याला तंबूचं छत दिसलं. कोणता डाव होता, हे त्याला आजही सांगता येत नाही. तयारी नसताना आयुष्यात तो तेवढा एकदाच पडला. पाय ओढतो तो तेव्हापासून.

नंतर पडद्यामागे ठेकेदार वस्तादांच्या अंगावर धावून गेला. भाषा ताविताला कळत नव्हती. पण तो म्हणतो की मिशीवाला म्हातारा जागचा हलला नाही. पंच्यानं तोंड पुसत राहिला आणि हसत होता.

तो मला विचारतो, तुझ्या भावानं असं का केलं? काय सांगू?

रागावला असलास तरी लिही.
तुझी,
प्रमिला

सांगली,
१६ फेब्रुवारी २०२१

चि. प्रमिलास,
अ. उ. आ.

रविराजनं पत्र हातात दिलं तेव्हा मी जेवत होतो. ताट तसंच राहिलं. तुझी वहिनी घाबरली, तिला वाटलं कुणी गेलं.

या वेळी तू काही रचलेलं नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मनगटाची गोष्ट मी तुझ्या वहिनीलासुद्धा कधी सांगितली नाही. त्यानं दोनदा दाबलं, आणि लगेच तो खाली होता. मला वाटलं, तो सांगतोय की बघ, आता मी पडतो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, हलग्या वाजल्या, आणि मला माझीच शिसारी आली. त्या दोन दाबांवर मी तालीम सोडली, वस्ताद सोडले. सगळं उगाच गं. फार रडलो मी.

सवय जात नाही, म्हणून आठवडाभर आणखी संशय घेऊन पाहिला. तो बेसावध होता, मग माझी कुस्ती खरी कशी, असं मनाला विचारलं. भार सोडून उभ्या असलेल्या माणसाला कोणीही फेकेल. असेलही. पण मी पडायचं ठरलं होतं आणि मी पडलो नाही. तेवढं माझं आहे. मला पुरे.

ताविताला सांग की मी शब्द मोडला नाही. तो माझ्यापर्यंत आलाच नव्हता. वस्तादांनी ठेकेदाराला हो म्हटलं, आणि मला मात्र कान धरून सांगितलं की आत कुणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. त्यांना नाही म्हणण्याची सोय नसेल, म्हणून त्यांनी ते काम माझ्यावर सोडलं. पायाचं ऐकून वाईट वाटलं, तेही त्याला सांग. आता दोनदा मनगट दाब त्याचं माझ्या वतीनं. त्याची पाळी आहे, म्हणावं, महिनाभर गुमान पडून राहा. पेजेत तूप घालत जा.

काल तालमीत गेलो. एकोणऐंशीनंतर पहिल्यांदा. मातीच्या हौद्यात पोरं घुमत होती, मला कोणी ओळखलं नाही. आतल्या भिंतीवर वस्तादांचा फोटो आहे, त्याला ताजा हार होता. चप्पल काढली, पुढे गेलो आणि माझे हे मोडके, बहिरे कान दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. पोरं हसायला लागली. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. पुष्कळ वेळ तसाच उभा होतो.

घरच्या सर्वांना जय भीम, बाळाला पापा. तुझ्या खोट्याबद्दल आल्यावर बोलू.
तुझाच,
बबनदादा