भावी सरपंच आणि माझा ऑक्टोपस

मी, त्रिंबक सुंदरराव आघाव, वय ५१, धंदा फोटो स्टुडिओ, मुक्काम सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. ‘धाकाशिवाय’ हा शब्द वकिलांचा. समुद्रात बुडी मारताना घालायचा माझा चष्मा आमच्या घरी कांदे चिरायला वापरतात, आणि मागायला गेलो की आधी कांदे होऊ द्या म्हणतात. अशा घरात माणूस कितपत धाकाशिवाय असतो, हे कोर्टानं ठरवावं.

कानाच्या डॉक्टरांनी मला बुडी मारायची मनाई केली आहे. तरी यंदा लग्नसराईच्या आधी मी मालवणला जाणारच. त्यावर पत्नी वर्षाराणी एवढंच म्हणाली, “जायचं तर जा, पण आधी लिहून ठिवा.” म्हणून हा खटाटोप.

१. स्टुडिओ, दिवे आणि काश्मीरचा पडदा चिरंजीव युवराजला.

२. समुद्राखालचे फोटो युवराजला मुळीच नाहीत. कारण लिहितो. तिथलं पाणी बऱ्याचदा गढूळ. मासा दिसेपर्यंत पळतो आणि फोटोत शेपूट येतं. अशा शेपटांचा माझ्याकडे मोठा संग्रह आहे. पण गेल्या खेपेला एक ऑक्टोपस खडकाच्या फटीतून बाहेर आला, रंग बदलला, आणि माझ्याकडे बघत थांबला. आयुष्यात एक फोटो मनासारखा आला. युवराजनं तो गावातल्या एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला घेतला आणि ऑक्टोपसच्या तोंडावर त्याचं तोंड चिकटवलं. पाय तसेच ठेवले. मी भांडलो तर म्हणाला, “अण्णा, पाण्यातलं कोण बघायलंय? पार्टी खूश हाय.” महिनाभर तो फ्लेक्स बसस्टँडवर होता. लोक मला थांबवून सांगत, फोटो लई भारी, सायबाचे हात समद्या गावाला पुरायलेत.

३. सबब ते सगळे फोटो वर्षाराणीला. मूळ फोटो पाहून तिनं एकटीनंच विचारलं होतं, “त्यो भ्याला न्हाई का तुमाला?” त्यावर कुणाचंही तोंड चिकटवू नये. माझंही नाही, तेराव्याच्या फ्लेक्सवरसुद्धा नाही. चष्माही तिलाच. ताबा आधीपासून तिच्याकडेच आहे.

४. कॅमेरा पाण्यात न्यायची पेटी गळायची. माझा दोस्त, गॅरेजवाला कय्युम, यानं मोटारसायकलची रबरी रिंग कापून तिला बसवली. मोबदला विचारला तर म्हणाला, “आत काय दिसतंय तेवढं दाखव बे.” चांगला आला की देऊ, असं म्हणता म्हणता त्याला फोटो द्यायचा राहिला. शेवटी त्यानंही ऑक्टोपस पाहिला तो बसस्टँडवर, सरपंचासकट. सबब मूळ फोटोची एक प्रत फ्रेम करून कय्युमला द्यावी.

कलम ४ रद्द समजावं. वकील म्हणतात, साक्षीदारानं मृत्युपत्रातून काही घेऊ नये, आणि मला साक्षीदार कय्युमच पाहिजे. म्हणून आज फ्रेम मीच त्याच्या गॅरेजात नेऊन दिली. त्यानं हात पुसले. बराच वेळ पाहिलं.

“ह्यो तर आपल्याकडंच बघायलाय बे.”

मग सही केली.

साक्षीदार:
कय्युम यासीन शेख (सही)
राधाकिशन अभिमन्यू मुंडे (सही)

लिहून ठेवणार: त्रिंबक सुंदरराव आघाव (सही)
सिरसाळा, २ सप्टेंबर २०२५