अंबाडीचा दोर

जालना

प्रिय अण्णा,

“दोर डोळ्याला काही सांगत न्हाई, हाताला सांगतो.” मी आठ वर्षांची असताना तुम्ही हे म्हणाला होतात. अंबाडीचे तीन पेड मी दाराच्या कडीपाशी धरून बसले होते, तुम्ही पीळ देत होतात. मधेच डोळे मिटून बोटं फिरवलीत आणि म्हणालात, “हितं कच्चा हाय.” मला तर काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही तेवढा भाग उकलून पुन्हा वळलात.

आता कॉलेजात मी संगणकावर दोर वळते, हे ऐकून केवढे हसला होतात! “मण्यांचा दोर? मंग त्याला बैल बांधायचा का गळ्यात घालायचा?” खरंच मणीच असतात, अण्णा. एकेक धागा म्हणजे ओळीनं मांडलेले हजारो बारीक मणी आणि दर दोन मण्यांमध्ये एक बंध. तो किती ताण सोसेल, किती वाकेल, कधी तुटेल, हे आपण आकड्यांत सांगायचं आणि पडद्यावर ओढून बघायचं. पहिले चार महिने माझा दोर सोडला की उकलायचा. बंधांना मी ताण सोसायला शिकवलं होतं, पीळ धरायला शिकवलंच नव्हतं. तुमच्या लेकीनं ही चूक करावी! गावी हसनाबादेत आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतात म्हणे.

गेल्या महिन्यात पडद्यावर जुना दोर करून पाहिला, दहा-बारा वर्षं वापरलेला. पेड एकमेकांवर घासतात तिथले, आतले बंध आधी तुटत गेले. बाहेरून दोर शाबूत. मग एकदम गेला. तुमचंच वाक्य खरं ठरलं, पण मला आनंद झाला नाही.

दिवाळीत चुलीवरचं पातेलं तुम्ही फडक्याशिवाय उतरवलंत. धाकटा कल्याण ओरडला, तर तुम्ही म्हणालात, “दोरवाल्याचे हात हायत, बिलकुल भाजत न्हाईत.” सगळे हसले. संध्याकाळी मी तुमच्या बोटांवरचे फोड पाहिले. अंगठ्यात बाभळीचा काटा होता, तो तुम्हाला माहीतही नव्हता. शुगरनं बोटं अशी बधिर होतात. फोनवर हे काढलं की तुम्ही कपाशीवर येता, म्हणून लिहितेय.

सोमवारी तुम्ही गाळ काढायला विहिरीत उतरणार, मी पेड धरलेल्या त्याच जुन्या दोरानं. उतरू नका म्हणत नाही. नायलॉनचं तर नावच काढत नाही. रविवारी मी येते. दोर माझ्या हातात द्या, शेजारी बसा, डोळे मिटून बोटं कशी फिरवायची ते शिकवा. “बटणं दाबून मऊ पडलेले हात तुझे, त्यांना काय कळतंय,” असंच म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागते. मी “हितं कच्चा हाय” म्हणाले, तर या खेपेला माझं ऐका.

तुमचीच, कडीपाशी पेड धरून बसलेली,
शालू