किनाऱ्याच्या कडेकडेने

४ सप्टेंबर, गुरुवार

हे जहाज नव्हे! होडीला इस्त्री करून उभी केलीय.

अकरा वर्षं आम्ही मोठ्या जहाजांवरून फिरलो. बारा-चौदा मजले, लिफ्ट, नाटकाचं थिएटर, पोहायचे तलाव, जेवायला एवढे प्रकार की बघूनच पोट भरावं. आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाला ओळखत नाही. त्यासारखं सुख नाही! यंदा ह्यांनी मला न विचारता हे बुक केलं. सगळी मिळून साठ-एक माणसं. लिफ्ट नाही, थिएटर नाही. खोली अशी की एकाने शर्ट घालायचा तर दुसऱ्याने पलंगावर पाय घेऊन बसायचं.

"हे का?" म्हटलं.

"किनाऱ्याजवळून जातं," म्हणाले.

किनारा! ज्या माणसाने अकरा वर्षं किनाऱ्याकडे पाठ करून माझ्याशी रमी खेळली, त्याला आता किनारा हवा झालाय.

माझी सगळी नोकरी कस्टममध्ये गेली. लोकांच्या बॅगा तपासल्या. खरं तर बॅग बघायचीच नसते, माणूस बघायचा असतो. उत्तर फार पटकन आलं की समजावं, घरून पाठ करून आणलंय.

ह्यांचं उत्तर फार पटकन आलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी चहा देणारा म्हणाला, "मॅडम, तुमचा बिनसाखरेचा ना?" याला कोणी सांगितलं? कालच तर चढलो! मोठ्या जहाजावर चार वेळा मागून पाचव्यांदा चहा यायचा, पण तो कसा प्रामाणिक वाटायचा.

कप्तान जेवायला आमच्या टेबलावर येऊन बसला. अकरा वर्षांत मी कप्तान फक्त फोटोत पाहिलेला. हा संत्रं सोलून खातो, मलाही देतो, आपलं गुडघेदुखीचं सांगतो. वर, "कधीही वर या, जहाज कसं चालवतो ते बघा." दार उघडंच असतं म्हणे. लपवायला काही नसतं ती माणसं दारं इतकी उघडी टाकत नाहीत. असो.

पण खरी गोष्ट वेगळीच. मेनूचं कार्ड आलं. ह्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकलं की भूक लागते."

अडतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. जेवणानंतर पत्ते काढले तर, "नको गं, डोकं जड झालंय." रमीला नाही म्हणाले! आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या कानामागे, मागच्या टेबलाकडे बघत होते. वळून पाहिलं. निळ्या स्कार्फवाली एक बाई. पन्नाशीची. बरी आहे दिसायला.

६ सप्टेंबर, शनिवार

आज रबरी बोटीतून एका बेटावर नेलं. शिडी उतरून हलत्या बोटीत पाय टाकायचा. जॅकेट घालून मी तर गॅसचा सिलिंडर दिसत होते.

ह्यांनी माझा हात धरला. नुसता धरला नाही, घट्ट आवळला. "सांभाळून हां," म्हणाले. बेटावरही सोडला नाही. दगडांतून चालताना, उंचवटा चढताना, परत येताना — हात हातात. मागून कोणीतरी म्हणालं, "किती गोड जोडपं!" गोड! आमच्या लग्नातसुद्धा ह्यांनी माझा हात फोटोवाल्याने सांगितल्यावर धरला होता.

पुरुष उगाच प्रेमळ होत नाही. मनात काहीतरी सलत असलं की होतो.

जेवताना मी मुद्दाम जागा बदलून बसले. निळा स्कार्फ आता ह्यांच्या पाठीमागे. तरीही हे माझ्याकडे बघेनात! आता माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. भिंतीवर काय आहे? आग विझवायचं नळकांडं.

म्हणजे बाई नव्हे? का मला संशय आलाय हे ओळखून नजर दुसरीकडे नेली? चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होता हा माणूस, दुसऱ्याच्या इमारतींचे नकाशे काढत होता. अर्ध्या मिलिमीटरचा फरक ह्यांना कळायचा. माझी नजर कळणार नाही?

७ सप्टेंबर, रविवार

समुद्र खवळलाय. दिवसभर आडवी. लहान जहाज प्रत्येक लाटेला उठून मान देतं! हे तीनदा बाहेर जाऊन आले. "कुठे?" तर म्हणे, "जरा पाय मोकळे करायला." भिंत धरून उभं राहायची पंचाईत, आणि हे पाय मोकळे करतायत.

८ सप्टेंबर, सोमवार

दोन गोष्टी झाल्या.

एक. निळ्या स्कार्फवालीने मलाच गाठलं. मी पदर खोचायच्या तयारीत, तर तीच बिचारी कसनुशी. म्हणाली, "तुमचे मिस्टर सारखे माझ्याकडे बघतात. मी हसले, नमस्कार केला, तर उत्तरच देत नाहीत. माझं काही चुकलं का हो?"

आता याला काय म्हणायचं? मी म्हटलं, "त्यांचा स्वभावच तसा आहे." का म्हटलं कोण जाणे. अडतीस वर्षं कोणाशीही गप्पा मारत सुटणाऱ्या माणसाचा स्वभाव!

बाईचं प्रकरण नाही, हे नक्की. हुश्श म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही, कारण —

दोन. जहाजाच्या डॉक्टरची खोली खालच्या मजल्यावर आहे. उलटीची गोळी आणायला उतरले, तर हे तिथूनच बाहेर येत होते. मी जिन्यात. माझ्यापासून चार हातांवरून गेले आणि मला ओळखही दाखवली नाही! सरळ निघून गेले. मग व्हरांड्याच्या टोकाला फोन लावला. लेकीला. तिथेच काय ती रेंज येते. माझ्या कानावर एवढंच आलं — "अजून नाही सांगितलं... नको, तू बोलू नकोस... तिची ही सहल तरी नीट होऊ दे."

तिची ही सहल तरी.

गोळी न घेताच वर आले.

त्याच दिवशी, दुपारी

आता सगळं जुळतंय. जुलैमध्ये माझ्या तपासण्या झाल्या. रक्त, छाती, पोट, सगळं. रिपोर्ट लेकीने आणले. "आई, सगळं एकदम नॉर्मल!" — हेही फार पटकन म्हणाली होती. कागद मला दाखवले नाहीत. मी चष्मा शोधेपर्यंत फाईल कपाटात गेलीसुद्धा.

म्हणून हात धरतात. म्हणून गोड बोलतात. म्हणून माझ्या तोंडाकडे बघवत नाही ह्यांना. चहावाल्यालाही सांगितलेलं दिसतंय. कप्तानालाही. उगाच का संत्रं सोलून देत होता!

पोटात डावीकडे दुखतंय का? मघापासून दुखतंय. नाही. दुखत नाही. माहीत नाही.

लेकीच्या मुलीचा स्वेटर अर्धा विणून ठेवलाय. बाहीचं माप फक्त माझ्या डोक्यात आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

न्याहारी झाल्यावर थेट डॉक्टरकडे गेले. तरुण बाई आहे, केस आखूड, टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. मी बसलेही नाही.

"माझं किती राहिलंय तेवढं सांगा," म्हटलं. "रडारड करणार नाही. आयुष्यभर लोकांचं लपवलेलं बाहेर काढलंय, मला फसवायच्या भानगडीत पडू नका."

ती बघतच राहिली. "तुमचं? काकू, तुमच्याबद्दल मला कोणी काहीच सांगितलेलं नाही. तुम्हाला काय होतंय?"

"मग काल माझे मिस्टर इथे कशाला आले होते?"

तिने सफरचंद उचललं, परत ठेवलं. गप्प. मी ती गप्प राहायची पद्धत ओळखते. बॅग स्वतःची नसते तेव्हा माणसं अशी गप्प राहतात.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हणाली. मग हळूच, "पण विचारा. नक्की विचारा."

कालपासून मी मरायच्या तयारीला लागले होते. खरं सांगते, जमत आलं होतं. आणि आता हे! माझं काही असतं तर बरं होतं. ते मला झेपलं असतं.

विचारलं नाही. संध्याकाळभर नुसतं पाहिलं त्यांना. आमटीत चमचा बुडवण्याआधी वाटीची कड बोटाने चाचपतात. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबतात. ग्लास उचलताना हात आधी टेबलावरून सरकत सरकत जातो. हे केव्हापासून चाललंय? मी रोज समोर बसते! जगाच्या बॅगा उघडल्या, आणि माझ्या घरातला माणूस?

१० सप्टेंबर, बुधवार

सगळं लिहून ठेवते. नंतर मला मुद्देसूद आठवणार नाही.

सकाळी पुन्हा रबरी बोट. समुद्र शांत, तेल ओतल्यासारखा. उंच कड्याच्या अगदी पोटाशी नेलं. मोठं जहाज इथे आलंच नसतं, मैलभर लांबून "उजवीकडे बघा" म्हणून गेलं असतं. बोटवाल्याने इंजिन बंद केलं. दगडावर एक सील पसरला होता, बोटीपासून वल्ह्याएवढ्या अंतरावर. श्वास घेतला की त्याच्या मिशा हलायच्या. सगळे चिडीचूप.

हे पुढे वाकले. मान वाकडी करून, सीलच्या जरा वरती, नुसत्या कातळाकडे बघत राहिले. आणि तोंड असं उजळलं! पुटपुटले, "मिशा आहेत. दिसल्या." डोळ्यांतून पाणी.

बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मला कळायचं ते कळलं.

परत आल्यावर ह्यांना डेकवरच्या बाकावर घेऊन बसले. आमच्या घरात भांडण मिटवायचं असलं की मी म्हणते तेच म्हटलं, "चला, बॅग उघडा."

हसायला गेले, जमलं नाही.

"केव्हापासून?"

"दीड वर्ष. आधी रेघ वाकायला लागली. सरळ काढलेली रेघ, मला माहीत आहे सरळ आहे, आणि मधेच पोट काढलेली दिसायची. मला वाटलं पट्टी खराब झाली. नवी पट्टी आणली." "मग एका डोळ्यात मधोमध डाग आला. आता दुसऱ्यातही. इंजेक्शनं देतात डोळ्यात. थांबलं तर थांबेल म्हणतात. गेलेलं परत येणार नाही. आंधळा होणार नाही तसा, कडेचं राहील. मधलं जातं."

"डोळ्यात इंजेक्शन? आणि मला सांगता, बँकेत जाऊन येतो?"

"इथल्या डॉक्टरीणबाईंकडे थेंब ठेवायला दिलेत. खोलीत ठेवले असते तर तू पाच मिनिटांत शोधले असतेस."

ते मात्र खरं आहे.

"म्हणून हे जहाज?"

"मोठ्यावरून मला नुसतं निळं दिसायचं गं. गेल्या वर्षी तू म्हणालीस, तो बघा दीपस्तंभ. मी म्हटलं, वा! मला काही दिसलं नव्हतं. वाटलं, एकदा जवळून बघून घ्यावं. जेवढं दिसतंय तेवढ्यात."

मग माझा राग बाहेर आला. कुठला कुठे! "आणि माझ्याकडे बघत नाही ते? सहा दिवस झाले, बोलता माझ्याशी, नजर भलतीकडे! मी काय काय समजले माहितीये?"

"बघतोय की. आत्ताही बघतोय."

माझ्या कानापलीकडे बघत होते.

"सरळ बघितलं की तुझा चेहरा पुसला जातो. बाजूला बघितलं की येतेस तू. कडेने. आत्ता नाक लाल झालंय तुझं."

म्हटलं, "ती निळ्या स्कार्फवाली बाई तुमच्यामुळे बिचारी..."

"कोण निळ्या स्कार्फवाली?"

एवढं हसले मी की कप्तान वरून डोकावला. मग रडले. हे माझा खांदा थोपटत होते, पहिल्या दोन थापा बाकावर पडल्या.

दुपारी रमी खेळलो. पानं मी दोघांचीही सांगत होते. त्याला काही अर्थ नाही, तरी खेळलो. हरले तेच.

११ सप्टेंबर, गुरुवार

व्हरांड्याच्या टोकाला जाऊन लेकीला फोन लावला. तिला सोलून काढायचं ठरवून गेले होते. दीड वर्ष! लेकीला माहीत, जावयाला माहीत, शेजारच्या केमिस्टलासुद्धा माहीत, आणि घरात राहणारी मी तेवढी परकी!

ती रडत होती. "आई, बाबांनी शपथ घातली होती. म्हणायचे, बाकी कोणाला कळलं तरी तो नुसता आजार आहे. तिला कळलं की मग ते खरं झालं."



मग विचारलं, "पुढचं इंजेक्शन कधी आहे?"

"सोमवारी."

"तू येऊ नकोस," म्हटलं. "मी नेते."