पाळणा रिकामा परत घेत नाहीत

आक्का,

तुला आणि दाजींना वाकून नमस्कार. गुडघ्यांनी दगा दिलाय, म्हणून कागदावरच वाकते. तुझी शुगर कशी आहे? खरं सांग, गेल्या पत्रात "बरी आहे" एवढंच लिहिलंस तेव्हाच मला संशय आला. इकडे सगळे धडधाकट, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. आमचे हे शेजारी बसून एकेक ओळ वाचतायत (वाचा, वाचा!).

तर आमच्या घरात पाळणा आलाय. पोर नव्हे, नुसता पाळणा. प्रवचनाच्या गुरुजींनी ठरवलंय, घरटी निदान पाच पोरं हवीत, नाहीतर धर्म बुडाला. ज्यांची गाडी दोनावर थांबलीय त्यांच्या घरी मंडळींनी हा पाळणा नेऊन ठेवायचा. भरला की पुढच्या घरी जातो, रिकामा परत घेत नाहीत. लाकडी, पलंगाएवढा (पाचही एकदम झोपवायची असतील). आमच्या दोन खोल्या, त्यात शाळेचे गणवेश शिवायची मशीनं आणि कापायचं टेबल, त्यावर रात्री नातवंडं झोपायची. आता टेबल दाराबाहेर आणि नातवंडं माझ्या अंगावर. मी गुरुजींना तोंडावर विचारलं, पोसणार कोण? म्हणाले, देणारा वर बसलाय. म्हटलं, आमच्या वर भाडेकरू बसलाय, तो पाणीसुद्धा खाली येऊ देत नाही. बायका हसल्या, ह्यांनी मला कोपर मारलं.

आमचं नाव मंडळींना दिलं कुणी, ते मला कळायला हवं. सून देणार नाही. धाकट्या नातीच्या वेळी ती मरता मरता वाचली, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, तिसरं नको म्हणजे नको. ह्यांना विचारलं तर पेपर उघडतात. पोरगा तर भलताच वागतोय. दुपारी मशीन सोडून "बटणं आणायला" जातो आणि हात हलवत परत येतो. गुरुजींचा चेला झाला असणार, दुसरं काय!

पुढचं ऐक. पाळणा जागा अडवून बसलाच होता, म्हणून मी त्यात कापलेल्या कॉलरी टाकायला लागले, वर धूळ बसू नये म्हणून दुपटं. एक दिवस खिडकीशी बसून काजं करत होते. जन्मभर मशीनचं पायडल मारलेला पाय, तो काही स्वस्थ बसतो? पाळण्याला टेकला आणि लागला हलवायला. मला पत्ताच नाही. रस्त्यावरून दूधवालीने पाहिलं. संध्याकाळी प्रवचनात गुरुजींनी आमच्या घराचं कौतुक केलं, आणि सकाळी बायकांची फौज झबली-टोपडी घेऊन दारात. "किती शांत आहे गं लेकरू!" म्हणत एकीने दुपटं उचललं. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. म्हटलं, "सगळी आजोबांवर गेलीत, मान ताठ, आत काही नाही." (हे खोडायला सांगतायत. खोडणार नाही.)

आता गुरुजींचा निरोप आलाय, थट्टा पुरे, वर्षाच्या आत पाळणा भरा, नाहीतर मंडळींत बसू नका. आणि ह्यांनी, कुणाला न विचारता, "भरतो" म्हणून शब्द देऊन टाकला. जसं काही बाळंत हेच होणार आहेत! सून तेव्हापासून धड जेवत नाही.

बाकी ठीक. दाजींना सांग, तुला रोज चालायला न्या.

तुझी धाकटी

ता.क. हे कात्रीला धार लावायला गेलेत, आता खरं लिहिते. काल मी गुपचूप पोराच्या मागे गेले. तो गुरुजींकडे नाही, दवाखान्यात शिरला. आत जाऊन मानगूट धरली तर म्हणाला, "आई, हिने दोनदा सोसलं, आता माझी पाळी. नसबंदी करून घेतोय." उद्या करणार. मला तिथेच बाकावर रडू आलं (उन्हामुळे असेल). तिथून तो तडक तुझ्याकडे येईल, हे पत्र घेऊनच. ह्यांना सांगितलंय, तुझे पडदे शिवायला जातोय. चार दिवस ठेवून घे, जड काही उचलू देऊ नकोस, आणि दहादा "दुखतंय का रे" विचारू नकोस, लाजरा आहे.

ता.क. दुसरं. पाकीट चिकटवत होते तर हे परत आले आणि म्हणाले, "पोराला बसायला मऊ उशी दे बरोबर, गाडी फार आदळते." आक्का, लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने कुणाला उशी दिलेली मी पाहिली नाही. मी म्हटलं, "मग गुरुजींना शब्द कशाला दिलात?" तर म्हणाले, "दिला नसता तर रोज आले असते." आता संशय कुणाचा घेऊ, तूच सांग.