उरवाईचा उतार आणि न्यूट्रल गाडी

मी, उमाजी रामराव कदम, वय अडुसष्ट, राहणार हजीरा, ग्वाल्हेर, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, जीव नाही. परवा हृदयाचे ऑपरेशन आहे. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि उठलो. “बाबा, एक जगह बैठो ना,” असे मुलगी नीलम दोनदा म्हणाली.

१. राहते घर पत्नी कुसुम हिला. जिना तिला चढवत नाही, तेव्हा तिला खालच्या खोलीतून कोणी हलवू नये.

२. स्कूल आणि दोन्ही गाड्या नीलमला. अट एकच. शिकायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे: पहिल्या गिअरात इंजिन चारेक फेरे घेते तेव्हा चाकांकडे जाणारा शाफ्ट एकदा फिरतो, म्हणून जोर मिळतो, वेग नाही. चौथ्यात फेऱ्याला फेरा. वेग मिळतो, पण चढावर दम सुटतो. ज्या गिअरात चढलो त्यातच उतरावे. इंजिन ओरडते, ओरडू द्यावे. तेच गाडीला मागे धरून ठेवते.

३. हे मी चाळीस वर्षे शिकवले. आणि सात वर्षांपूर्वी किल्ल्यावरून उतरताना, उरवाईच्या उतारावर, पेट्रोल वाचवायला मीच गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. सगळा भार ब्रेकवर आला. ते तापले, लागेनात. गाडी भिंतीवर गेली. कुसुमचा पाय कायमचा अधू झाला. लोकांनी विचारले तेव्हा माझ्या तोंडून ‘न्यूट्रल’ निघेना. मास्तर ना मी! म्हणालो, आमचे मेकॅनिक दिनकरराव, त्यांनी ब्रेक नीट बसवले नव्हते. आदल्याच आठवड्यात त्यांनी ते बसवले होते, त्यामुळे सर्वांना पटले. थाटीपुरातले त्यांचे गॅरेज ओस पडले. ते एकदाही भांडायला आले नाहीत. भांडले असते तर बरे झाले असते.

कुसुमला हे आज मीच सांगणार. मेल्यावर कळले तर तिने भांडायचे कोणाशी?

४. हे कलम दिनकररावांच्या गॅरेजात बसून लिहीत आहे. माझी हत्यारांची पेटी त्यांना द्यायची होती, आणि साक्षीदार म्हणून सहीही त्यांचीच हवी होती. पण वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, पुढे वाद निघतो. वरचे सगळे त्यांना वाचायला दिले आणि विचारले, पेटी घेता की सही करता? बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “पेटी राहू दे. पेन दे.” पेटीही नीलमला.

ग्वाल्हेर, १४ नोव्हेंबर २०२४
सही: उमाजी रामराव कदम

दोघांच्या देखत सही केली.
साक्षीदार १: मधुसूदन आपटे, वकील
साक्षीदार २: दिनकरराव माने. वाचून सही केली. ब्रेक नीट होते.