काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आबा, ती लाल टर्बो गाडी गेल्या आठवड्यात माझ्या सूसच्या वर्कशॉपमध्ये आली. मालकाने मला ओळखलं नाही. बारा वर्षांपूर्वी तो आपल्या पौडच्या गॅरेजात आला होता, घाट चढताना गाडी तापते म्हणून. मी रेडिएटरचा पंखा तपासत होते, तोवर तुम्ही थर्मोस्टॅटच, इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी ती झडपच, काढून फेकलात. "ह्योच पानी अडवतोय. आता काटा वर जायचा न्हाई." मालक चहाला गेला होता; मी बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर बोलले, आबा, हे इंजिन नव्वद डिग्रीपर्यंत तापलंच पाहिजे, गार राहिलं तर पेट्रोल जास्त ओढेल, ते ऑइलमध्ये उतरेल आणि सिलिंडर झिजतील. पंखा बदला. तुम्ही पाना आपटलात. "मला शिकवतीस व्हय?"

आठ महिन्यांनी तीच गाडी जळक्या ऑइलचा निळा धूर सोडत दारात उभी. कुणा मिस्त्रीने मालकाला खरं कारण सांगितलेलं. तो ओरडून विचारतोय, थर्मोस्टॅट कोणी काढला? तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "पोरीनं काढला. मी न्हवतो हितं." मी फडक्याला हात पुसत उभी आहे. त्यानंतर तालुक्यात मला कोणी बॉनेट उघडू दिलं नाही, म्हणून मी सूस गाठलं. दोन वर्षांनी तुमच्या दहाव्याला आले, तर लोक म्हणत होते, आबांच्या हाताला काय गुण होता. मी ऐकून घेतलं.

काल इंजिन उघडलं. मालक हळहळत होता, "पौडला एका पोरीनं वाट लावली हो हिची. तेव्हापासून झाकूनच ठेवलीय." मी माझ्या सगळ्या कामगारांना जवळ बोलावलं. थर्मोस्टॅटची रिकामी जागा दाखवली, झिजलेले सिलिंडर दाखवले. "ती पोरगी मी. काढला माझ्या वडलांनी, आणि नाव माझं सांगितलं." एक शब्द गाळला नाही. मालकाने झिजलेल्या सिलिंडरवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आहेत का ते अजून?"

हे पत्र कुठेच टाकायचं नाही, म्हणून लिहिते. मी "आहेत" म्हणाले. गेलेल्या माणसाला लोक लगेच माफ करतात, आणि तुम्हाला दिलेली माफी मला नको होती. "मग रविवारी जाऊन विचारतोच त्यांना," तो म्हणाला. "विचारा," मी म्हणाले. गॅरेजच्या जागी आता फरशीचं दुकान आहे, तिथे त्याला तुम्ही गेल्याचं कळेलच. गिऱ्हाइकाशी मी आजवर एवढं एकच खोटं बोलले आहे.